घरचा पीसी जोडताना आधी मदरबोर्ड की आधी प्रोसेसर?

प्रश्न कराडहून आला आहे. विचारणारे गृहस्थ घरूनच टॅलीवर हिशेब लिहितात, जीएसटीची रिटर्न भरतात. मुलगा यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेला. दोघांत मिळून एक डेस्कटॉप घ्यायचा आहे. मॉनिटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुनेच ठेवायचे, बाकी सगळं नवं, बजेट पन्नास हजार. दुकानदाराने दिलेलं कोटेशन असं: ‘कोअर आय सेव्हन प्रोसेसर, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएससह गेमिंग कॅबिनेट’, आणि किंमत बजेटच्या निम्मीसुद्धा नाही. मुलाचा मित्र म्हणतो आय५-१२४००एफ घ्या, भाचा म्हणतो एएमडी कंपनीचा रायझनच घ्या. कोणाचं ऐकावं आणि बोर्ड कोणता निवडावा?

पहिला भाग सोपा आहे. ते कोटेशन परत करा.

एच६१ हा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, २०११ सालचा. त्याच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या एलजीए११५५ नावाच्या जागेत, इंटेलच्या फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. कोटेशनवर पिढी लिहिलेली नसली तरी बोर्डाच्या नावावरून ती कळते. हा आय सेव्हन फार तर ३७७० असणार, २०१२ सालचा. बोर्ड नवा, डबाबंद मिळू शकतो, कारण असले बोर्ड आजही बनवून विकले जातात. प्रोसेसर मात्र कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेल्या मशीनमधला असतो. रॅमही डीडीआर३ या जुन्या प्रकारची. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या मशीनवर अशिलांचे पॅन, बँकेचे तपशील, डिजिटल सिग्नेचर असणार. सुरक्षा अपडेट येत नाहीत अशा मशीनवर ही कामं करणं योग्य नाही.

‘आय सेव्हन’ हा शब्द ऐकून लोक फसतात, कारण तो दर्जा त्या त्या पिढीपुरता असतो हे कोणी सांगत नाही. ३७७० मध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण एकेका कोअरचा वेग दीडपटीहून बराच जास्त. टॅलीला आणि ब्राउझरला हाच एका कोअरचा वेग लागतो. म्हणजे नव्या पिढीचा ‘आय थ्री’ या ‘आय सेव्हन’च्या कितीतरी पुढे आहे.

म्हणून नाव वाचू नका, आकडा वाचा. इंटेलच्या १२४०० मध्ये पहिले दोन अंक पिढी सांगतात, बारावी. २०२४ पासून डेस्कटॉपवर कोअर अल्ट्रा ही नवी नावं आली, तिथे २४५ वगैरे तीन अंकी आकडे असतात. एएमडीत पहिला अंक मालिका सांगतो, पण तिथे एका अक्षरानेही फरक पडतो. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स ही जवळजवळ एकसारखी नावं. पण पहिल्यात १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि एसएसडी जोडणारी वाट) ३.०, तर दुसऱ्यात ३२ एमबी आणि ४.०. आतली चिपच वेगळी आहे. दुकानात मशीन चालू करून दाखवत असतील तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे उजव्या कोपऱ्यात वर लिहिलेलं असतं.

आता मित्र आणि भाचा यांच्याकडे वळतो. दोघांचेही सल्ले चांगले आहेत, पण दोघांनीही प्रोसेसरपासून सुरुवात केली आहे. माझ्या मते सुरुवात उलट बाजूने करावी. मशीनमधल्या कोणत्या वस्तू नंतर सहज बदलता येतात आणि कोणत्या येत नाहीत, हे आधी पाहा. रॅम पाच मिनिटांत वाढवता येते. एसएसडी तशीच. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी लावता येतं. प्रोसेसरही काढून त्याच सॉकेटचा दुसरा बसवता येतो. बोर्ड बदलायचा म्हटलं तर मात्र सगळं मशीन उतरवावं लागतं, बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, गत तीच: तो हलका निघाला तर जाताना सोबत इतरांनाही घेऊन जातो. घरातला पंखा कधीही बदलता येतो, पण भिंतीतलं वायरिंग बदलायला भिंत फोडावी लागते. बोर्ड आणि एसएमपीएस हे या मशीनचं भिंतीतलं वायरिंग. पैसे आधी तिथे घाला.

बोर्ड म्हणजे पहिल्यांदा सॉकेट. आज बाजारात खऱ्या अर्थाने चार सॉकेट आहेत. इंटेलचा एलजीए१७०० हा २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर आला, तेरावी आणि चौदावी त्यावरच झाली, आणि तिथे ती वाट संपली. मित्राने सुचवलेला १२४०० यावरचाच. इंटेलचा पुढचा एलजीए१८५१ हा ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आला. त्यावर फक्त डीडीआर५ चालते. एएमडीचा एएम४ हा रायझनबरोबर २०१७ मध्ये लोकांच्या हाती आला आणि ५००० मालिकेवर थांबला. एएमडीचा एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्यावर ७०००, ८००० आणि ९००० मालिकेचे प्रोसेसर आले, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हा सॉकेट चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर सांगितलं आहे.

कंपन्यांच्या आश्वासनांवर मी एरवी फार विसंबत नाही. पण एएम४ चा अनुभव समोर आहे. २०१७ मध्ये बी३५० बोर्ड घेणाऱ्यांना २०२२ मध्ये बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मिळून त्याच बोर्डावर ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षं जुना बोर्ड, त्यावर तीन पिढ्या पुढचा प्रोसेसर, आणि ना रॅम बदलावी लागली ना कॅबिनेट. इंटेलच्या बाजूला याच काळात सॉकेट बदलत राहिले. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट तर नावाने एकच, एलजीए११५१, तरी जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालायचा नाही. घरात एकदा घेतलेलं मशीन सहा-सात वर्षं वापरणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक फार मोठा आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझी निवड एएम५ ची: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (लहान मापाचा) बोर्ड, आणि १६ जीबीची डीडीआर५ ची एकच काडी. मुलगा तिसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा तशीच दुसरी काडी लावा. नोकरीला लागल्यावर त्याला वाटलं तर त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवेल. ७६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आहेत, ६५ वॅटचा आहे, डब्यात कूलर मिळतो आणि डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आतच आहे. टॅली, रिटर्न, जावा, पायथन, व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ हे सगळं तो आरामात ओढेल. अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर लावला की १६ जीबी रॅम ही चैन न राहता गरज होते, एवढं लक्षात ठेवा.

अडचण एकच, रॅमचा भाव. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचं उत्पादन आपल्याकडे खेचलं. त्यामुळे खरेदीच्या दिवशी हिशेब मांडा. डीडीआर५ मुळे बजेट फुटत असेल आणि घरात किंवा नात्यात कोणाकडे चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर मित्राचा सल्ला घ्या आणि एलजीए१७०० वर जा. तिथे बी७६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड मिळतो. पुढे वाढायला जागा कमी, पण १२४०० हा आजही उत्तम प्रोसेसर आहे आणि तुम्हा दोघांचं काम तो वर्षानुवर्षं करेल.

फक्त १२४००एफ नको, १२४०० घ्या. हे शेवटचं अक्षर महत्त्वाचं आहे. इंटेलमध्ये एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड न लावता असा प्रोसेसर बसवला तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटरवर काहीच येत नाही. माझ्याकडे ‘नवीन मशीन, डिस्प्ले नाही’ म्हणून जी मशीनं येतात, त्यांतली कितीतरी यातलीच असतात. बोर्डावर एचडीएमआयचं पोर्ट दिसतं म्हणून ते चालेल असं लोक धरून चालतात, पण ते पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालतं. मित्राने एफ सुचवला कारण त्याच्याकडे कार्ड असणार, आणि गेम खेळणाऱ्यासाठी त्याचं बरोबरच आहे. तुमच्याकडे कार्ड नाही. उद्या मुलाने कार्ड घेतलं आणि ते बिघडलं, तरी आतल्या ग्राफिक्सवर तुमची रिटर्न भरणं अडणार नाही.

एएमडीत नियम थोडा वेगळा. एएम४ वरच्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. एएम५ वर ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही. ८६००जी मध्ये तर बरंच जोरकस आहे, कार्डाशिवाय हलके गेम चालतील इतकं, पण पुढे कार्ड लावायचं ठरलं तर तो कार्डाला सोळाऐवजी आठच लेन (डेटाच्या वाटा) देतो, आणि ८५००जी चारच. म्हणून ‘आज कार्ड नाही, उद्या लावू’ असं म्हणणाऱ्याला मी ७६०० च सांगतो. एक्स३डी म्हणून ज्यांची इतकी चर्चा असते, ते ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी वगैरे प्रोसेसर जास्तीच्या कॅशमुळे गेममध्ये खरंच पुढे आहेत. टॅलीला त्याचा काही उपयोग नाही.

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. आजकालचे कॅमेरे १० बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये शूट करतात. ते फुटेज इंटेलच्या बाराव्या पिढीतलं आतलं ग्राफिक्स थेट वाचतं, टाइमलाइन अडखळत नाही. त्या कामाला मी आजही एफ नसलेला इंटेल सुचवतो.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीबद्दल लोक घाबरून विचारतात. त्यांतल्या मोठ्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते कालांतराने अस्थिर व्हायचे, गेम आणि सॉफ्टवेअर मधेच बंद पडायची, निळा स्क्रीन यायचा. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. नवा घेऊन पहिल्या दिवशी बायोस अपडेट केलात तर घाबरायचं कारण नाही. मात्र सेकंडहँड १३९००के किंवा १४९००के कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा, कारण झालेली हानी अपडेटने भरून निघत नाही. बाराव्या पिढीत हा प्रश्न नाही.

बोर्डाच्या चिपसेटकडे येतो. इंटेलमध्ये एच६१०, बी७६०, झेड७९० असे चढते दर्जे आहेत. झेड फक्त ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवणं, करणाऱ्यांसाठी, घरच्या कामाला तो खर्च वाया. एच६१० वर रॅमच्या दोनच जागा असतात, रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे नेता येत नाही आणि बोर्डावरच बसणाऱ्या एम.२ एसएसडीला पीसीआय एक्सप्रेस ३.० चाच वेग मिळतो. आय३ साठी ते पुरे. एएमडीत ए६२०, बी६५०, आणि नव्या मालिकेत बी८५०. ए६२० मधले काही अगदी स्वस्त बोर्ड जास्त वॅटचे प्रोसेसर चालवण्यासाठी बनवलेलेच नसतात, तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी उघडून पाहा.

पण चिपसेटच्या नावापेक्षा मी बोर्डाचा वरचा डावा कोपरा आधी पाहतो, प्रोसेसरच्या सॉकेटच्या भोवतालचा. तिथे छोट्या चौकोनी करड्या ठोकळ्यांची रांग असते, त्यांना चोक म्हणतात, आणि शेजारी काळ्या चपट्या चिप, त्या मॉस्फेट. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालत नाहीत, त्याला साधारण सव्वा व्होल्ट लागतो, आणि ते रूपांतर इथे होतं. आता गणित करा. १२४०० पूर्ण जोरात धावताना ११७ वॅटपर्यंत घेतो. १.२ व्होल्टवर ११७ वॅट म्हणजे जवळजवळ शंभर अँपिअर. घरातल्या गीझरला १० अँपिअर लागतात. एवढा प्रवाह नखाएवढ्या चिपांमधून जातो, म्हणून त्या तापतात. म्हणून त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक असावा लागतो.

कराडला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, विदर्भात आणि खानदेशात पंचेचाळिशीपर्यंत जातो. पुस्तकी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर आय७-१२७०० सारखा १८० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर बसवला तर व्हीआरएम तापून बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. मालक म्हणतो, आय सेव्हन घेऊनही मशीन दुपारी मंदावतं. पैसे प्रोसेसरवर गेले आणि बोर्डाने ते वापरूच दिले नाहीत. १२४०० किंवा ७६०० सारख्या प्रोसेसरला फार भारी व्हीआरएम लागत नाही, पण हीटसिंक असलेला बोर्डच घ्या.

बोर्डाच्या मागच्या पट्टीवर काय काय आहे तेही मोजा. यूएसबी किती, लॅन आहे का, वाय-फाय हवं असेल तर ते बोर्डावरच आहे का. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हने बायोस अपडेट करता येतो. जुन्या स्टॉकमधल्या बी६५० वर ९००० मालिकेचा प्रोसेसर लावायचा झाला तर याचीच गरज पडते. दुकानदाराला ‘बायोस अपडेट करूनच द्या’ असं पैसे देण्याआधी सांगा.

रॅमबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दोन काड्या लावल्या की रॅमच्या दोन्ही वाटा (चॅनेल) चालतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला याचा मोठा फायदा होतो, कारण ते साठवायला हीच रॅम वापरतं. ५६००जी किंवा ८६००जी घेणाऱ्याने सुरुवातीपासून दोन काड्या घ्याव्यात. ७६०० चं ग्राफिक्स मुळात छोटं, त्यामुळे तिथे एक काडी काही काळ चालेल. चार जागा असलेल्या बोर्डावर दोन काड्या लावताना त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत लावा. डीडीआर५ मध्ये चारही जागा भरल्या तर वेग बराच खाली येतो, म्हणून ३२ जीबी हवी तर सोळाच्या दोन, आठच्या चार नकोत. रॅमवर लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डावर एक्सपो चालू करावं लागतं. एएम५ वर ६००० वेगाची रॅम घ्या, त्याहून महागडी घेऊन हाती फारसं काही लागत नाही.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो आकडा सोडा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. पाच वर्षांची वॉरंटी असलेला, ८० प्लस ब्राँझ (वीज वाया न घालवण्याचा दर्जा) किंवा त्यावरचा ५५० वॅटचा वेगळा विकत घ्या, आणि त्यावर ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनची केबल आहे याची खात्री करा. पुढे मुलगा मध्यम कार्ड लावेल तेव्हा बदलावा लागणार नाही.

आणि अर्थिंग. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, असा अनुभव खूप घरांत आहे. लोक त्याला एसएमपीएस लीक आहे म्हणतात आणि एसएमपीएस बदलून आणतात. दोष बहुधा भिंतीत असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. त्याच अवस्थेत तुम्ही प्रिंटरची किंवा मॉनिटरची केबल लावली की तो झटका पोर्टला बसतो. जळालेली यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टं मी पाहतो त्यांत अर्थिंग नसलेली घरं फार असतात. वायरमनला बोलवा आणि मीटर लावून बघायला सांगा: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-चार व्होल्ट. पाच हजारांचा बोर्ड घ्या की पंचवीस हजारांचा, हे आधी करून घ्या. टू पिनचा जोड लावून तिसरी पिन मारायची, हे तर अजिबात नको.

तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल अशी एक कळ असते, काहींवर यूपीएस आणि ईसीओ. ती यूपीएसवर ठेवा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस स्वतःतल्या साठ्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत सुरू होतो, नॉर्मल मोडमध्ये त्याहून कितीतरी उशिरा, आणि तोवर मशीन रीस्टार्ट झालेलं असतं. टॅलीत एंट्री चालू असताना असं होणं म्हणजे डेटा बिघडण्याला निमंत्रण. इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर नवे एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात. तिथे प्युअर साइन वेव्हचाच हवा.

जोडणी दुकानात करून घेतलीत तरी मुलाला शेजारी उभं करा, शिकेल. एएम५ आणि इंटेल दोन्हींत पिना आता बोर्डावर असतात, केसाहून बारीक. बोर्ड घेताना सॉकेटवरचं काळं झाकण लावलेलं पाहा आणि दुकानदारासमोर उघडून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांची रांग बघा. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वाकली असेल तर त्या जागी चमक तुटते. वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही, आणि घरी नेल्यावर ती कोणी वाकवली हे सिद्ध करता येत नाही. प्रोसेसर दोन बाजूंनी कडेला धरून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेवर आणून, वरून सोडायचा. दाबायचं नाही. कडी लावताना जोर लागतो, कुरकुर आवाज येतो, तो यायचाच. झाकण मग आपोआप निघतं, ते बोर्डाच्या डब्यात जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते झाकण मागतात. ऑनलाइन मागवलंत तर डबा उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

भाच्याकडे किंवा कोणाकडे एएम४ चं मशीन असेल तर एक सूचना. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कूलरखालचा जुना पेस्ट वाळून कूलर प्रोसेसरला चिकटतो आणि कूलर सरळ वर ओढला की कडी बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर थोडा डावीकडे थोडा उजवीकडे फिरवून सोडवा.

एएम५ चं मशीन पहिल्यांदा चालू केलं की बऱ्याचदा काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो. बोर्ड रॅम ओळखून तिचे टायमिंग बसवत असतो. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थांबा. पहिल्यांदाच इतका वेळ लागतो.

बिलाबद्दल: प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. ‘आय फाइव्ह सीपीयू सेट, एक नग’ असं बिल वॉरंटीला उपयोगाचं नाही. प्रोसेसर डबाबंदच घ्या. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर काही रुपयांनी स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते. मुंबईला जाणं होणारच असेल तर लॅमिंग्टन रोडला भाव विचारून या, पण पाच-सातशे रुपयांसाठी तिथून घेऊ नका. बोर्ड बिघडला तर तो कराडच्या दुकानातून वॉरंटीला पाठवणं तुम्हाला सोपं जाईल.

हा सगळा खर्च झेपत नसेल तर त्या आय सेव्हनपेक्षा ऑफिसमधून निघालेला, आठव्या पिढीच्या आय५-८५०० चा ब्रँडेड डेस्कटॉप घ्या. सहा कोअर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. त्याचा एसएमपीएस आणि बोर्ड त्या कंपनीच्या खास मापाचे असतात, त्यामुळे पुढे फार वाढवता येत नाही, एवढं समजून घ्या.

राहिले जुने मॉनिटर आणि प्रिंटर. मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए पोर्ट असेल तर बोर्ड निवडतानाच मागे व्हीजीए आहे का बघा, स्वस्त बोर्डांवर अजून असतं. नसेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, तो आतमध्ये चिप असलेला घ्या, नुसती केबल चालत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला यूएसबी असेल तर प्रश्नच नाही. फक्त जाड पॅरलल पोर्ट असेल तर यूएसबी ते पॅरलल केबलच्या नादी लागू नका, टॅलीतून छापताना त्या मधेच अडकतात. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड मिळतं, ते लावायला बोर्डावर एक छोटी एक्स१ जागा मोकळी हवी. बी६५० चे बहुतेक मायक्रो-एटीएक्स बोर्ड ती देतात, पण पुढे दोन जागांचं जाड ग्राफिक्स कार्ड लावलं की ती त्याच्याखाली झाकली जाऊ शकते. म्हणून ग्राफिक्सच्या लांब स्लॉटला अगदी चिकटून नसलेली, खाली थोडी लांब असलेली एक्स१ जागा ज्या बोर्डावर आहे, तोच निवडा.